नऊ नंबरचं उरलेलं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी नोकरीला लागले. चौसष्टाव्या वर्षी! लिहितानासुद्धा हसू येतंय. आमचे हे असते तर म्हणाले असते, म्हातारीला आता पंख फुटले. फुटू देत. बसून बसून माणसाला गंज चढतो. मुलाकडे राहायला येऊन मला तीनच आठवडे झाले, तरी चारी भिंती पाठ झाल्या होत्या. मुलगा जहाजावर, सहा सहा महिने तोंड दिसत नाही. सूनबाई विम्याच्या कचेरीत. नात शाळेत. नात दहा वर्षांची आहे आणि तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी टिकेल तर शपथ. ही वही तिनंच दिली. अर्ध्यातून चौथी सोडलेल्या बाईनं रोज लिहायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? पण ती म्हणाली, आजी, तू जेवढं बोलतेस त्याच्या निम्मं लिहिलंस तरी वही पुरायची नाही.

तर नोकरी. भिंगरीला शाळेत पोचवून येताना मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर पाटी दिसली, स्वयंपाकघरात बाई पाहिजे. तीस वर्षं मी कारखान्यातल्या माणसांना डबे घातले, मला काय चुलीची भीती? गेले सरळ आत. पण तिथं चूलच नाही हो! तळमजल्यावर मागच्या अंगाला एक पांढरी खोली, फरशी अशी की पडलेलं उचलून खावं. तिला सगळे नळीघर म्हणतात. वरच्या मजल्यावर आयसीयू आहे. तिथली माणसं बेशुद्ध, ती तोंडानं काय खाणार? मग नाकातून पोटात नळी घालतात आणि नळीतून जेवण. ते जेवण आम्ही करायचं. पावडर, दूध, अंड्याचं पांढरं, तेल, उकळून गार केलेलं पाणी. सगळं काट्यावर तोलायचं, मिक्सरला फिरवायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं. बाटलीवर माणसाचं नाव नाही, खाटेचा नंबर. एक गाठ राहिली तरी नळी तुंबते म्हणे. मी म्हटलं, माझ्या हातच्या पिठात आजवर गाठ झाली नाही, आता काय होते.

बाटल्या धुणारी एक बाई आहे, उंच, म्हणून तिला लांबडी म्हणतात. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, आजी, दारातून सरळ आलात की आडव्या? मी म्हटलं, बाई गं, तीन पिढ्या पोसल्यात या अंगानं, नव्वद किलो उगाच नाही. दोघी पोट धरून हसलो. जमणार आमचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या मुख्य बाईंना माप मॅडम म्हणतात. कोणत्या खाटेला काय आणि किती, ते त्या ठरवतात. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, हातात मात्र सदानकदा कागद. आज मी त्यांच्याशी भांडले. म्हणजे भांडले असं नाही, पण राहवलं नाही. सहा नंबरला एक माणूस आलाय, कुठंतरी दहा दिवस अन्नपाण्याविना अडकून पडलेला. आणि त्याला तासाला चार चमचे! मी म्हटलं, मॅडम, आधी बिचाऱ्याला पोटभर घाला, मग काय ते आकडे करा.

रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि मला पोरीला समजवावं तसं समजावलं. म्हणाल्या, उपाशी माणसाला एकदम खायला घातलं तर रक्तातले क्षार एका दमात खाली येतात आणि हृदय बंद पडतं. म्हणून मुंगीच्या पावलानं वाढवायचं. आणि फार आजारी माणसाचं शरीर आपल्यासारखं वागत नाही. आपण दोन दिवस जेवलो नाही तर शरीर काटकसर करतं, साठवलेली चरबी आधी काढतं. आजारी शरीराला ती अक्कलच राहत नाही. आत आग लागलेली असते. ते मांडीचं, दंडाचं मांस तोडतं, त्याची साखर करतं आणि जाळत बसतं. पहिले काही दिवस बाहेरून कितीही ओता, ते आपलंच खात सुटतं. चरबी तशीच, पोट तसंच, म्हणून वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आग विझली की मग खरी भूक लागते. तेव्हा भराभर घालायचं, गेलेलं मांस परत बांधायचं.

मी म्हटलं, म्हणजे घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. त्या म्हणाल्या, फिरत नाहीत आजी, वासेच चुलीत जातात.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, ईऽ, आपणच आपल्याला खायचं? आणि लगेच स्वतःचा दंड चावून बघितला. खारट आहे म्हणाली. असली ही कार्टी.

१० फेब्रुवारी, सोमवार

नळीघरात सगळं आवडतं, एक गोष्ट सोडून. बाटली चार तास टांगतात. तेवढ्यात पोटात जाईल ते जाईल. पोट पुढे ढकलत नसेल तर मध्येच बंद करतात आणि उरलेलं तसंच खाली परत येतं. ते ओतून द्यायचं. भिंतीवर पाटीच आहे, परत आलेली बाटली मोरीत. दूध, अंडी, तेल, रोज मोरीत! माझा जीव तीळ तीळ तुटतो. माझ्या घरात ताटात चार शितं राहिली तर मी पोरांच्या पाठीत धपाटा घातलाय. मोठ्या जावेचा मुलगा भाताची शितं ताटाखाली लपवायचा. त्याला मी ताट उलटं करून खायला लावलं होतं, आज तो मोठा साहेब आहे आणि अजून ताट पुसून खातो. भिंगरीलाही आल्या दिवसापासून शिकवतेय, अन्न टाकायचं नाही, एकाचं उरलं तर दुसऱ्यानं संपवायचं.

सगळ्यात जास्त परत येतं ते नऊ नंबरचं. कोण, कुठला, कोणाला माहीत नाही. भेटायला कोणी येत नाही. कधीपासून आहे विचारलं तर लांबडी म्हणाली, मी लागले तेव्हा होता. माप मॅडमनी त्याच्यापुढे हात टेकलेत. जास्त दिलं तरी वाळतो, कमी दिलं तरी वाळतो. बाकीच्यांची आग आठ-दहा दिवसांत विझते, याची विझतच नाही म्हणे.

आज त्याची बाटली पाऊण भरलेली आली. लांबडी वर गेली होती. मी बाटली मोरीवर धरली आणि हात काही पुढे होईना. शेवटी पेल्यात ओतलं आणि पिऊन टाकलं. त्याचं तोंड कुठं लागलंय बाटलीला, मग उष्टं कसलं? चव म्हणाल तर भिंतीचा चुना दुधात कालवावा तशी. पण पोटात गेलं, मोरीत नाही. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गंमतच झाली. माझ्या बोटात अंगठी बारा वर्षं रुतून बसली होती, साबण लावून निघत नव्हती. आज अंडी फोडताना आपसूक घरंगळली आणि पातेल्यात टण्ण! मग मी पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. चौऱ्याऐंशी! पाच दिवसांत सहा किलो! लोक यासाठी पळतात, उपास करतात, आणि मी आपली खुर्चीवर बसून. लांबडीनं विचारलं, आजी, कुठलं औषध घेताय? मी म्हटलं, नऊ नंबरचं उरलेलं. ती हसली नाही. बाटली घासत राहिली.

भूक मात्र दणकून लागते. दोन माणसांचं जेवते, ताट चाटूनपुसून. सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला नोकरी मानवली. मानवलीच. रोज त्याची बाटली येते, रोज मी संपवते. आता तर वाट बघते, आली का म्हणून.

आणि माप मॅडम आज चक्क गुणगुणत होत्या. नऊ नंबरचा ताप उतरला. मी आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं वजन वाढलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वर जाऊन आले. म्हटलं ज्याचं रोज पितेय त्याचं तोंड तरी बघावं. काचेपलीकडे ओळीनं खाटा, यंत्रं आपली टुकटुक करतायत. नवव्या खाटेवर तो. वय सांगता येत नाही. तिशीचा म्हणा, साठीचा म्हणा, दोन्ही पटेल. डोळे उघडे होते. सिस्टर म्हणाली, कालपासून हळू बोलायला लागलाय. मी म्हटलं, बाबा, बरा हो लवकर, तुझं जेवण मी करते हो. त्यानं मान वळवली, माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाला, आजी, तुमच्या हाताला चव आहे.

सिस्टरला कौतुक वाटलं. मलाही वाटलं. जिन्यापर्यंत वाटत होतं. मग पाय थबकले. नाकातल्या नळीनं जेवणाऱ्याला चव कशी कळली?

असेल, बोलायची पद्धत असेल. पण मग त्याची चादर आठवली. सिस्टरनं पुसायला म्हणून बाजूला केली होती. महिन्याभरापूर्वी म्हणे काटक्या होत्या. आज मांड्या कशा, पोहणाऱ्या माणसासारख्या भरलेल्या. आणि मी जिना उतरताना कठडा धरला होता. मी कधी कठडा धरत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

त्र्याहत्तर किलो. आता गंमत वाटत नाही.

पोट आहे तिथंच आहे. गेल्या त्या मांड्या. दंडाचं कातडं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं लोंबतं. मिक्सरचं भांडं उचललं ते पेललं नाही आणि पावडर सांडली. माप मॅडमनी बघितलं. हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, रक्त काढायला लावलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. साखर चढलेली, आणि मला साखरेचा आजार नाही. ते म्हणाले, हे रक्त दहा दिवस आयसीयूत पडलेल्या माणसाचं वाटतं, पण तुम्हाला ना जखम, ना ताप, ना काही. आग कुठं दिसत नाही आणि वासे जळतायत, असं माप मॅडम पुटपुटल्या. मला ऐकू आलं.

जास्त अंडी खा म्हणाल्या. खातेच आहे. आठ खाल्ली आज. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं होतंय.

बाटल्यांचं त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली. या वयात चोरून पिते म्हणून कसं सांगू? पण आजपासून बंद.

३ मार्च, सोमवार

पाच दिवस थेंब घेतला नाही. सदुसष्ट.

शनिवारी मी पाप केलं. लिहून ठेवते. नऊ नंबरच्या बाटल्यांत नुसतं पाणी भरलं, वर पांढरं दिसावं एवढी पावडर. दिवसभर. तीस वर्षांत मी कोणाच्या डब्यात पाणी घातलं नाही. बघायचं होतं मला. काल सकाळी सिस्टर सांगत आली, नऊ नंबर दोन किलोनं वाढला.

मी काट्यावर उभी राहिले. दोन किलोनं कमी.

म्हणजे तो बाटलीतलं खातच नाही.

आज लांबडीला मोरीपाशी गाठलं आणि खरं सांग म्हटलं. ती रडायला लागली. नळीघरात माझ्या आधी जी बाई होती म्हणे, तिलाही अन्न टाकवायचं नाही. तीही नऊ नंबरचं उरलेलं प्यायची. तेव्हाही तो असाच सुधारला, उठून बसला, चालायला लागला. ती बाई वाळत गेली. शेवटी तिला जीभसुद्धा हलवता येईना. ती गेली आणि तो पुन्हा खाटेवर पडला, पुन्हा काटक्या. लांबडी म्हणाली, आजी, मला वाटलं योगायोग. मला वाटलं बोलले तर लोक मला वेडी म्हणतील. तिला काय दोष देऊ? पाटी तर भिंतीवर होतीच.

५ मार्च, बुधवार

नोकरी सोडली. पाय साथ देत नाहीत. घरी बसून खिडकीतून रस्ता बघते. समोर एक माणूस सायकली दुरुस्त करतो, एकच चाक दिवसभर फिरवत असतो.

आता भूकही मेली. दुपारी ताटात अर्धा भात राहिला. पहिल्यांदा. भिंगरी शाळेतून आली, कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, आजी, अन्न टाकायचं नाही! आणि माझ्यापुढचं ताट ओढून सगळं संपवलं. माझीच शिकवण. किती हसलो दोघी. बऱ्याच दिवसांनी हसले.

८ मार्च, शनिवार

आज बरं वाटतंय! खरंच! सकाळी उठून मी स्वतः चहा केला. पातेलं एका हातानं उचललं. काल वजन केलं, दोन किलो वाढलेली. सूनबाईला रडू आलं, म्हणाली, आई, संकट टळलं. मला वाटतं नळीघरापासून लांब आले म्हणून सुटले. तीन दिवस भिंगरी माझ्या ताटातलं उरलेलं संपवते आणि मी बरी होतेय, पोरीचा पायगुण म्हणायचा.

ती मात्र आज दुपारीच झोपली. पाय दुखतात म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर चढून आली आणि दारातच बसली. दप्तर उचलेना. वाढीचं वय, दुखतात पाय.

९ मार्च, रविवार

रात्रभर विचार केला आणि आता मला

मी भरले ती कुठून?

तिला काट्यावर उभं केलं. दोन किलो कमी. तिच्या पोटऱ्या हातात घेऊन बघितल्या. मऊ. पिकून गळायला आलेल्या फळासारख्या. भिंगरीच्या पोटऱ्या! दोन दोन पायऱ्या उड्या मारत चढणारी पोरगी.

त्यानं माझं खाल्लं कारण मी त्याचं उरलेलं प्यायले. मी तिचं खाल्लं कारण तिनं माझं उरलेलं संपवलं. ज्याचं उरलेलं तुम्ही खाता, त्याचं पोट तुमच्यातून भरतं. एवढंच आहे. एवढं साधं आहे.

मी खाल्लं तिला. मी. आणि चहा केला म्हणून खूश झाले.

१० मार्च, सोमवार

एक सुचलं. उलटं करायचं. आता मी तिचं उरलेलं खायचं.

सकाळी तिनं पावाचा तुकडा बशीत ठेवला. तिच्यासमोर उचलून खाल्ला. दुधाचा पेला तळाशी दोन घोट, तेही प्यायले. ती म्हणाली, आजी, हावरट झालीस गं. मी म्हटलं, झालेय, तू रोज थोडं ठेवत जा माझ्यासाठी. लाडानं म्हटलं.

माझ्या ताटात मात्र काही ठेवायचं नाही. घशाखाली उतरो न उतरो.

१२ मार्च, बुधवार

वाढली! एक किलो! आज तिनं जिन्यावरून दप्तर स्वतः आणलं. संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारल्या, वीस. मी मोजल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

मी साठ. मांड्या म्हणजे नुसत्या काठ्या. आता दोघं खातायत मला, एक तो आणि एक ही. हिनं खावं. हिच्यासाठीच तर हे अंग. त्याचं काय करू ते मात्र कळत नाही.

१५ मार्च, शनिवार

माप मॅडम भेटायला आल्या होत्या. खाली मान घालून बसल्या. त्यांना सगळं सांगितलं, बाटल्यांचंही. त्यांनी ऐकून घेतलं, हात धरला. विश्वास ठेवला नाही. म्हणाल्या, आजी, ताप डोक्यात गेलाय, दाखल व्हा, आठ नंबर रिकामा आहे.

आठ. त्याच्या शेजारचा.

म्हणाल्या, नऊ नंबर आता चालतो. खिडकीपाशी उभा राहतो. सारखं विचारतो, आजी का येत नाहीत.

त्रेपन्न.

१७ मार्च, सोमवार

पेन्सिल धरायला दोन हात लागतात.

काल तापात मी बडबडले म्हणे. सगळं. उरलेल्याचं, त्याचं, तिचं. सूनबाई कपडे आणायला गच्चीवर होती. भिंगरी उशाशी होती.

भिंगरीनं सगळं ऐकलं.

आज सकाळी पेजेसारखं काहीतरी केलं होतं, चार चमचे राहिले. मी म्हटलं, सूनबाई, टाकून दे, आत्ता टाक. ती पाणी आणायला वळली. भिंगरीनं वाटी उचलून तोंडाला लावली. मग माझ्या कानाशी आली. म्हणाली, आजी, मी तुझं संपवलं, आता तू बरी होशील. मी रोज संपवणार.

मी ओरडले. आवाज निघाला नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज उठून बसता आलं. बसता आलं म्हणजे — तिचं गेलं.

शाळेतून फोन. मैदानात पडली. पायच उचलेनात म्हणे.

सूनबाईला हात जोडून सांगितलं, माझी वाटी तिच्या हाती लागू देऊ नकोस. ती रडते. म्हणते, आई, पोरीचं प्रेम आहे तुमच्यावर, एक घास खाल्ला तर काय झालं. तिच्या लेखी मी वेडी झालेय. सगळ्यांच्याच लेखी मी वेडी झालेय.

भिंगरीच्या ताटातलं उरलेलं मागितलं. तिनं ताट धुऊन टाकलं होतं. माझ्याकडे बघून हसली. लबाड.

माझी पोर माझ्याशी खेळतेय, आणि —

१९ मार्च, बुधवार, दुपार

पुन्हा झोपून. तो ओढतोय. आत कुठंतरी चमचा फिरतोय, भांड्याच्या तळाला लागलाय.

सूनबाई दाखल करायचे कागद करायला दवाखान्यात गेलीय. माझा डोळा लागला होता. जाताना दुधाचा पेला स्टुलावर ठेवून गेली, खिडकीपाशी. मी उठेन तेव्हा घेईन म्हणून. प्लास्टिकचा पेला. मी सकाळी त्यातलं अर्धं प्यायले होते.

अर्धं आहे.

स्टूल चार पावलांवर. चार पावलं नाहीत माझ्याकडे. कुशीवर वळायलाच —

साडेचारला भिंगरी येते, परीक्षा म्हणून शाळेत गेलीच. सकाळी जाताना म्हणाली, आजी, आज पण मीच संपवणार.

घड्याळात सव्वाचार.

चष्म्याची डबी फेकली. पोचली नाही.

उशी ढकलली. पायाशीच पडली.

चप्पल. बोटांनी कशीबशी ओढली. फेकली — स्टुलाच्या पायाला लागली. पेला हलला. काठापाशी आलाय. अजून एक —

अजून एक काही —

फाटक वाजलं.

जिन्यात पावलं. सावकाश. एकेक पायरी. थांबते. भिंत धरत असेल. मग पुन्हा एक.

माझी बाय, सावकाश ये. अजून सावकाश.

हाताशी काय उरलं. पेन्सिल. पेन्सिलनं काय होणार.

वही. जाड आहे. पुठ्ठ्याची. छातीवरच आहे. दोन्ही हातांनी ढकलली तर

शेवटची पायरी —

हीच फे